बॉक्सवर पंधरा, खरे सहा

"ए, ह्या पायपानं गाडीची ताकद खरंच वाढते, का नुसता आवाजच?"

हा प्रश्न विचारणारं तोंड माझं होतं, पण पैज जयाची आणि रेश्माची. कॉलेज सुटल्यावर आम्ही तिघी नेवासा फाट्याच्या रसवंतीवर बसलो होतो. समोर एक लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि त्यात एक मुलगा कमरेपर्यंत बुडाला होता. आम्हाला दिसत होते फक्त त्याचे पांढरे बूट, मागच्या खिशातला पाना आणि पायाशी ठेवलेला एक चकचकीत जाड पाईप.

"जा, बोलून दाखव त्याच्याशी," जया म्हणाली. "आणि मोबाईल नंबर-बिंबर नको विचारूस. गाडीचंच विचार. लई येतं ना तुला गाड्यांमधलं?"

"नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या जर्नल तू पूर्ण करायच्या," रेश्मानं भर घातली.

दोन वर्षांपूर्वीची प्रज्ञा असती तर रसात तोंड खुपसून बसली असती. पण अकरावीत आल्यापासून माझ्यात काय शिरलं होतं कोण जाणे… मी ग्लास ठेवला, ओढणी सरळ केली आणि तडक जाऊन विचारलं.

बॉनेटखालून आधी केस आले, मग कपाळावरचा काळा डाग, मग डोळे. बापरे, डोळे! रागावलेले होते, तरी हसत होते.

"नुसता आवाज?" तो म्हणाला. "मॅडम, पंधरा हॉर्सपॉवर वाढणारेत. पंधरा!"

"मोजले?"

"आँ?"

"पंधरा. मोजले का कुणी?"

त्यानं कपाळ पुसलं, डाग आणखीच पसरला. मागे घुंगरं वाजवत चरक फिरत होता.

"फिल्टरच्या… बॉक्सवर लिहिलंय," तो शेवटी म्हणाला.

"बॉक्सवर काय, साबणाच्या वडीवर सात दिवसांत गोरे व्हा असंही लिहितात. तुझा पाईप काय करतो ते सांग."

मागे जया-रेश्मा खिदळल्या. मला वाटलं, आता हा बॉनेट आपटून निघून जाणार. पण त्यानं मला जवळ बोलावलं आणि दाखवायला लागला. कंपनीचा मूळ रबरी पाईप अरुंद होता, त्याला तीन वळणं होती. यानं ॲल्युमिनियमचा जाड पाईप स्वतः वाकवून घेतला होता. पुढे शंकूसारखा फिल्टर, त्याभोवती पत्र्याची पेटी, म्हणजे इंजिनाची गरम हवा आत शिरू नये, आणि पेटीचं तोंड थेट पुढच्या जाळीमागे. आज फक्त माप घेत होता, अजून बसवायचं होतं.

"इंजिन म्हणजे पळणारा माणूस," तो म्हणाला. "नाक चोंदलं तर पाय कितीही तगडे असू देत, दम लागणारच. मी फक्त नाक मोकळं करतोय. गार हवा, जास्त हवा, म्हणजे पेट्रोल जास्त चांगलं जळतं."

सांगताना त्याचे हात हवेत पाईप वाकवत होते. मला पैज-बिज सगळं विसरायला झालं.

"बरंय," मी म्हणाले. "पण किती, ते मोजायला हवं."

"मोजायचं मशीन पुण्यात असतं."

"मला मशीन नको. एक वजनकाटा, एक मोबाईल आणि सरळ रस्ता दे. चाळीसवरून ऐंशीच्या स्पीडला जायला किती वेळ लागतो, आणि गाडीचं वजन किती… एवढ्यावर ताकद निघते. फिजिक्स आहे, जादू नाही."

त्यानं पाना खिशात ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, जसं थोड्या वेळापूर्वी इंजिनाकडे बघत होता.

"नाव काय तुझं?"

"प्रज्ञा. तुझं?"

तो जरा अडखळला. "केएन."

"केएन म्हणजे?"

"…कानिफनाथ. मढीचा आहे, तिथल्या देवाचंच नाव. हसू नको."

"हसत नाहीये," मी म्हणाले, आणि हसले.

*

वजनकाटा माझ्या घरचाच. म्हणजे तसा कारखान्याचा, पण काट्यावर माझे बाबा बसतात. महेंद्रभाऊ काटेवाले म्हटलं की दहा गावं ओळखतात. बाबांची एक पद्धत आहे. ऊस घेऊन गाडी काट्यावर चढली की आकडा स्क्रीनवर दिसतोच, पावतीवर येतोच, तरी बाबा खिडकीतून मान बाहेर काढून तो मोठ्यानं वाचतात. "सतरा टन सहाशे चाळीस!" रांगेतल्या शेवटच्या बैलगाडीपर्यंत ऐकू जातं.

"आकडा मनात वाचला की लोकांच्या मनात शंका येती," ते म्हणतात. "मोठ्यानं वाचला की कुनी काय बोलायचं?"

मी लहानपणी लाजायचे त्या आवाजाला. आता मुद्दाम मैत्रिणींना ऐकवते.

कानिफ शेजारच्या कॉलेजात, माझ्यासारखाच अकरावीत, आणि फाट्यावर त्याच्या बन्सीमामांच्या गॅरेजमध्ये राहत होता. ती अपघातात चेपलेली लाल गाडी मामांनी तीन वर्षं खपून उभी केली होती. मे महिन्यात ते तिला चेन्नईकडच्या रेसच्या ट्रॅकवर उतरवणार होते. कानिफच्या वडिलांचं मढीला रेवड्यांचं दुकान. यात्रा तोंडावर आली होती आणि वडिलांचं म्हणणं, पोरानं शिक्षणाचं नाटक बास करून गल्ल्यावर बसावं. मामांनी मध्यम मार्ग काढला होता. पोराचा पाईप चालला तर तो त्यांच्या टीममध्ये, आणि वडिलांना समजावणं त्यांच्याकडे. नाही चालला, तर यात्रेला मढी… आणि परत येणं नाही.

हे सगळं त्यानं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. रसवंतीवरच. सांगताना कारखान्याच्या चिमणीची काजळी पडत होती, आमच्याकडे हंगामात पडते तशी, काळी, हलकी, पिसासारखी. एक कण माझ्या बाहीवर बसला. त्यानं फुंकर मारली. बोट लावलं असतं तर डाग पडला असता ना… म्हणून फुंकर. मी उगाचच बाही तशीच पुढे धरून ठेवली.

"पंधरा आले नाहीत तर?" मी विचारलं.

"येतील."

"आणि नाही आले तर मी खोटं नाही सांगणार हं, कानिफ."

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर तुला मोजायला सांगतोय."

*

शुक्रवारी कारखान्याचं क्लिनिंग होतं. गाळप बंद, मागचा सरळ रस्ता रिकामा. बाबांनी साहेबांची परवानगी काढली, दोन्ही टोकांना बॅरिकेड लावले. लाल गाडी काट्यावर चढली तेव्हा झाडाखालचे बैलसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागले. बन्सीमामा स्टिअरिंगवर, कानिफ शेजारी मोबाईल धरून.

"एक टन दोनशे चाळीस!" बाबांनी हाळी दिली. मग खाली वाकून म्हणाले, "बन्सीभाऊ, ह्यातला एक क्विंटल तुमीच दिसताय."

"व्हय, पन तो इंजिनाला जड न्हाई!" मामा हसले.

आधी जुन्या पायपावर. जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा, म्हणजे उतार आणि वारा दोन्हीचा हिशेब मिटतो. कानिफनं स्पीडच्या काट्याचं चित्रण करायचं आणि मी त्यातली एकेक फ्रेम मोजून वेळ काढायची. सरासरी तीन सेकंद आणि वर वीस शतांश. चाकांवर शहाण्णव हॉर्सपॉवर. मी वहीत लिहिलं, बाबांसारखं मोठ्यानं वाचलं. जया-रेश्मांनी टाळ्या वाजवल्या.

मग तासाभरात कानिफनं नवा पाईप बसवला. त्याचे हात बघण्यासारखे होते. एकही नट दुसऱ्यांदा फिरवला नाही. शेवटचा क्लँप आवळून त्यानं माझ्याकडे बघितलं, मी अंगठा दाखवला.

"थांबा रं!" कानिफच्या आक्काबाई मामी आरतीचं ताट घेऊन आल्या. "नवं काम हाय. नारळ फुटल्याबिगर गाडी हालवायची न्हाई."

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. मामींनी झेंडूचा एक मनगटाएवढा जाड हार गाडीच्या तोंडावर आडवा बांधला, चांगला दोन्ही टोकांना गाठ मारून. गाडी नवरदेवासारखी दिसायला लागली. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले.

पुन्हा दहा फेऱ्या. आवाज तर असा येत होता की माझ्या अंगावर काटा! मी झाडाखाली बसून फ्रेमा मोजल्या. बेरीज केली. परत केली. तिसऱ्यांदा केली.

सगळे माझ्याभोवती उभे. कानिफच्या कपाळावर घाम, ओठांवर आधीच हसू.

माझ्या मनात आलं, नुसतं "वाढले" म्हणून टाकावं. कोण तपासणार होतं? पण खिडकीत बाबा उभे होते.

"चौऱ्याण्णव," मी मोठ्यानं वाचलं. "दोन… कमी."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"कमी?" ते म्हणाले. "बस्स. मढीला फोन लावतो."

कानिफनं पाना खिशात कोंबला. हाराच्या गाठी सोडल्या, हार मामींच्या हातात दिला, गाडीत बसला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

*

"थोडं खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं गं?" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जया म्हणाली.

"मग तो मे महिन्यात ट्रॅकवर सगळ्यांदेखत तोंडावर पडला असता," मी म्हणाले. आवाज ताठ होता, पण डबा तसाच बंद राहिला होता.

तीन दिवस त्याचा मेसेज नाही. मी माझ्या आकड्यांवर शंभर टक्के ठाम होते, हीच तर पंचाईत! आकडे खरे, त्याचं डोकंही खरं. गार हवा, मोकळा पाईप… कमी होईलच कसं?

मंगळवारी हंगामाचा शेवटचा ऊस होता. शेवटच्या गाड्या सजवून आणतात आमच्याकडे. फुगे, गुलाल, बैलांना झूल आणि हार. मी बाबांचा डबा घेऊन काट्यावर गेले तेव्हा ऊसतोडीच्या बिभीषण टोळीवाल्याची गाडी चढत होती. त्याच्या पांढऱ्या बैलाच्या शिंगांवरचा हार घसरून थेट नाकपुड्यांवर आला. बैल फुरफुरला. मान झटकली, पुन्हा फुरफुरला, मागे सरला.

"अरं, त्याच्या नाकावरनं हार काढा आधी!" बाबा ओरडले. "दम कसा घेईल त्यो?"

माझ्या हातातला डबा खाली पडला.

पुढची जाळी… जाळीमागे पेटीचं तोंड… आणि जाळीवर मनगटाएवढा झेंडूचा हार!

"बाबा, सायकल घेतेय!" एवढंच ओरडले आणि सुटले.

गॅरेजच्या दारात कानिफची बॅग भरून ठेवलेली होती. तो पायऱ्यांवर बसून बुटांची नाडी बांधत होता. मढीला जायला चारची पाथर्डी एसटी पकडायची होती त्याला.

"फिल्टर काढ," मी धापा टाकत म्हणाले.

"आली का आकडेवाली," तो वर न बघता म्हणाला. "अजून काही कमी करायचं राहिलंय?"

"फिल्टर काढ म्हणतेय ना!"

"कशाला? तुझं गणित चुकलं का?"

"माझं गणित कधी चुकत नाही. तुझा पाईपही चुकला नाही. चुकल्या त्या मामी!"

आता त्यानं वर बघितलं. मी बैलाची गोष्ट सांगितली, हातवारे करून, फुरफुरूनसुद्धा दाखवलं. तो आधी हसला, मग एकदम हसायचा थांबला. उठला. पाना घेतला. पेटीचं झाकण उघडलं.

आत नुसता झेंडू. शंकूच्या फिल्टरवर केशरी पाकळ्या अशा चिकटल्या होत्या, जणू कुणी रांगोळी घातलीये. हारानं तोंड दाबलं होतं आणि इंजिनानं ओढून ओढून पाकळ्या आत घेतल्या होत्या.

"बिचारी," कानिफ पुटपुटला. "नाकात फुलं घालून पळाली, तरी दोनच कमी आले."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसून हसून पायऱ्यांवरच बसलो. आतून आक्काबाई मामी आल्या, पाकळ्या बघून पदर तोंडाला लावला. "आगं बया! म्या देवाचं केलं आन् ते पोराच्या मुळावं आलं व्हय!"

चारची एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. कुणी तिच्याकडे बघितलंही नाही.

*

गुरुवारी रस्ता पुन्हा मोकळा मिळाला. या वेळी मी अटच घातली. आधी जुना पाईप परत लावायचा, परत मोजायचा. कानिफ म्हणाला, "दहा फेऱ्या परत?" मी म्हणाले, "दहा." तो म्हणाला, "जशी मॅडमची आज्ञा," आणि पाना फिरवायला लागला. वजन तेच भरलं. जुना पाईप: शहाण्णवच. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

मग नवा पाईप, स्वच्छ फिल्टर. नारळ मामींनी फोडला, पण हार त्यांनी स्वतःहून मागच्या काचेला बांधला.

मी फ्रेमा मोजल्या. तीन सेकंद, दोन शतांश. या वेळी कानिफ जवळ आला नाही. लांब, रस्त्याच्या कडेला, दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मी उठले. काट्याच्या ओट्यावर चढले. छातीत श्वास भरला.

"एकशे दोन!" कारखान्याच्या भिंतीवरून आवाज परत आला. "सहा जास्त! पूर्ण सहा!"

जयानं रेश्माला उचललं. बन्सीमामा मात्र कपाळाला आठ्या घालून उभे.

"सहाच? बॉक्सवर तर पंधरा हाय की."

मी काही बोलायच्या आत कानिफ म्हणाला, "मामा, पंधरा छापलेले हायेत. हे सहा आपले हायेत. मोजलेले."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "काय महेंद्रभाऊ? काटा काय म्हनतो?"

"काट्याला म्या कशाला विचारू?" बाबा म्हणाले. "माझी पोरगी बोलली ना."

शप्पथ सांगते, एवढा मोठा आकडा बाबांनी आयुष्यात वाचला नसेल.

मामांनी तिथल्या तिथे मढीला फोन लावला. "दाजी, यात्रेपुरता पाठवतो पोराला. आठ दिवस. न्हाई, न्हाई, नंतर न्हाई. नंतर त्यो माझ्या टीममधी हाय."

*

तो यात्रेला निघायचा त्या दुपारी आम्ही रसवंतीवर बसलो. जया-रेश्मा मुद्दाम लांबच्या बाकावर. चिमणी बंद झाली होती, आकाश धुतल्यासारखं. बाहीवर पडायला काजळी नव्हती, म्हणजे फुंकर मारायला कारणही नव्हतं…

"प्रज्ञा," तो ग्लास गोल गोल फिरवत म्हणाला. "त्या शुक्रवारी मला तुझा लई राग आला होता."

"माहितीये."

"रात्री… म्हणजे घरी गेल्यावर विचार केला. सगळे मला 'भारी, भारी' म्हणतात. कुणी पाईप उघडून बघत नाही. तू पहिली, जिनं विचारलं, मोजलं का. आणि कमी आल्यावरही सोडलं नाहीस." तो थांबला. "मला एक सांगायचंय. पण…"

"आकडा मनात वाचला की शंका येते," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते. "मोठ्यानं वाच."

त्यानं रसवंतीवाल्या कलाबाईंकडे बघितलं, चरकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू मला आवडतेस."

मोठ्यानं. चरक नेमका तेव्हाच थांबला होता. लांबच्या बाकावर रेश्माला ठसका लागला.

"किती वेळा मोजलंस?" मी विचारलं.

"रोज. जाताना एकदा, येताना एकदा."

"आणि?"

"दरवेळी तेच येतं."

मी ग्लासातला बर्फ बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर सगळं चेहऱ्यावर छापून आलं असतं. "माझंही," मी म्हणाले. आणि मग, हळू आवाजात म्हटल्यासारखं वाटलं म्हणून, पुन्हा एकदा नीट म्हणाले, "माझंही तेच येतं, कानिफ."

"रेवड्या आणू?"

"आण. किलोभर. आणि वजन मी बघणार."

तो हसला. बस आली. खिडकीतून त्यानं हात केला नाही, अंगठा दाखवला. क्लँप आवळल्यावर मी दाखवला होता ना, तसाच.

*

त्या संध्याकाळी घरी आई पोळ्या लाटत होती. आई आरोग्य केंद्रात नर्स आहे. माझं नर्सिंगचं तिनं दहावीतच ठरवून ठेवलेलं, माझा पांढरा ड्रेससुद्धा तिच्या डोळ्यांसमोर शिवून तयार आहे. बाबा पाय पसरून बातम्या बघत होते. समोर कपाटावर बारावीच्या ग्रुपचा फॉर्म पडला होता. आईनं पेन्सिलीनं बायोलॉजीवर खूण करून ठेवलेली.

मी फॉर्म घेतला. खोडरबर घेतलं. खूण पुसली. मग पेन घेतलं, पेन्सिल नाही.

"काय खरडतीयेस गं?" आई म्हणाली.

मी खोलीच्या मध्यभागी उभी राहिले. भिंतीवरून बाबासाहेब बघत होते, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी छातीत हवा भरून घेतली, गार, मोकळी, जेवढी मावेल तेवढी. आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

"आई, बाबा, मी बायोलॉजी सोडतेय. मॅथ्स घेतेय. मी गाड्यांची इंजिनिअर होणार, मेकॅनिकल! आणि पुढच्या रविवारी कानिफ रेवड्या घेऊन येणार आहे. तो मला आवडतो, म्हणून त्याला दारात नाही, घरात बोलावणार आहे, तुमच्या दोघांसमोर!"